सोलापूरचा मुलगा, हपेईचा जावई

१/ गेल्या दिवाळीत लातूरला घरी गेलो असता आजीला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची कथा सांगत होतो. सोलापूरचा तरुण डॉक्टर, चीनमधील युद्ध, तिथल्या परिचारिकेशी विवाह, अकाली मृत्यू. आजीने सारे शांतपणे ऐकले आणि विचारले, "लग्नाला कोन कोन व्हतं? पोरीकडचं कोन आलं, पोराकडचं कोन आलं?" पदव्युत्तर वर्गात इतिहास शिकताना हा प्रश्न मला कधीही सुचला नव्हता. आजचा थ्रेड त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी.

२/ कोटणीसांचे नाव आपण बहुधा दोन ठिकाणी ऐकतो: पाठ्यपुस्तकात, आणि भारत-चीन मैत्रीच्या सरकारी भाषणांत. दोन्हीकडे ते 'त्यागमूर्ती' असतात. ते कोणाचे तरी पती होते, एका परक्या मुलखाचे जावई होते, हे एका वाक्यात उरकले जाते. मला मात्र त्या एका वाक्यातच खरा इतिहास दिसतो. परका माणूस एखाद्या समाजाचा 'आपला' कसा होतो, आणि झाल्यावर ते नाते कोण सांभाळते?

३/ आधी काळ समजून घेऊ. ७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी चकमक झाली आणि जपानने चीनविरुद्ध सर्वंकष युद्ध सुरू केले. डिसेंबरात राजधानी नानकिंग पडली. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू द यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केले, 'चीन दिन' पाळला गेला आणि सुमारे २२,००० रुपयांचा निधी जमला.

४/ हे सर्व करणारा देश स्वतः परतंत्र होता, हे ध्यानी घ्यावे. त्यातही आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, सोलापूर मात्र ब्रिटिश मुंबई इलाख्यात. त्याच १९३८ साली हैदराबाद संस्थानात स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह आणि विद्यार्थ्यांची वंदे मातरम् चळवळ झाली. म्हणजे सीमेच्या अलीकडची मुले स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी झगडत होती, तर पलीकडच्या सोलापुरातून एक तरुण दुसऱ्या देशाच्या लढ्यासाठी निघाला होता.

५/ द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. ते विशीत असताना या गिरणगावाने १९३० चा मार्शल लॉ पाहिला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी झाली. अशा शहरात वाढलेल्या मुलाला 'देश' हा शब्द केवळ पुस्तकातला वाटला नसणार. पुढे मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले.

६/ वैद्यकीय पथकात पाच जण होते: अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून त्यांची बोट सुटली. चीनमध्ये पाचही जणांच्या चिनी नावांना 'हुआ' हे अक्षर जोडले गेले. त्याचा अर्थ चीन. कोटणीस झाले 'के तीहुआ'.

७/ या नावापाशी थोडे थांबू. 'कोटणीस' हे आडनाव फडणीस, चिटणीस यांच्या कुळातले. 'नीस' हा फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा. कोटाचे, अर्थात किल्ल्याचे दप्तर लिहिणारा तो कोटणीस. फारसीतून मराठीत रुळलेले हे हुद्द्याचे नाव आता चिनी लिपीत शिरले आणि 'के' एवढ्या एका अक्षरात मावले. तिथे आडनाव आधी येते. म्हणजे त्या प्रदेशात 'के' हे एक नवे घराणेच सुरू झाले, ज्यात सध्या एकच माणूस होता.

८/ पथक येनानला जाण्याच्या बेतात असताना कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता मिळाली. घरी परतण्याचे कारण होते आणि परतले असते तर कोणी दोष दिला नसता. ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. पुढे सहकारी एकेक करून मायदेशी गेले. कोटणीस आणि बसू मात्र आघाडीकडे सरकले. घरापासूनचे अंतर आता केवळ मैलांत मोजण्याजोगे राहिले नव्हते.

९/ ते जिथे पोहोचले तो प्रदेश म्हणजे शानशी, चाहार आणि हपेई या प्रांतांच्या सीमेवरचा डोंगराळ भाग. शहरे आणि रेल्वेमार्ग जपान्यांच्या ताब्यात, खेडी आणि डोंगर गनिमी सैन्याच्या हाती. तायहांग पर्वताच्या कुशीतील दगडामातीची घरे, आत खालून उबदार केलेला विटांचा ओटा, त्यावरच झोपणे, बसणे आणि जेवणे. रुग्णालय म्हणजे गावकऱ्यांनी रिकाम्या करून दिलेल्या खोल्या.

१०/ आणि जेवण? सैन्याचे मुख्य अन्न होते 'श्याओमी'. हा शब्द आज आपण मोबाइलमुळे ओळखतो, पण त्याचा अर्थ आहे राळा. होय, आपल्या आज्या ज्याचा भात करीत तोच राळा. या धान्याची शेती हजारो वर्षांपूर्वी उत्तर चीनमध्येच सुरू झाली. ज्वारी-बाजरीच्या मुलखातून आलेल्या माणसाला राळ्याची पेज अगदीच परकी वाटली नसावी, असा माझा तर्क. पुरावा म्हणून तो कोणी वापरू नये.

११/ याच भागात कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून काम करीत. शस्त्रक्रियेत बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. जून १९४० मध्ये त्यांच्या समाधीच्या समारंभाला कोटणीस आले. तिथे त्यांना प्रथम पाहिले गुओ छिंगलान यांनी. त्या बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय विद्यालयात परिचर्या शिकवीत. दोन माणसांची पहिली भेट तिसऱ्या परदेशी माणसाच्या समाधीपाशी झाली.

१२/ गुओ छिंगलान कोण होत्या? जन्म १९१६, शानशी प्रांतातील फेनयांगचा. प्रशिक्षित परिचारिका, इंग्रजी जाणणाऱ्या. १९३९ मध्ये त्या आठव्या मार्ग सेनेत दाखल झाल्या. म्हणजे त्याही घर सोडूनच आलेल्या. कोटणीसांच्या चरित्रांत त्या एखाद्या प्रेमकथेतील नायिकेसारख्या अवचित प्रकट होतात. वास्तविक दोघांनी एकच निर्णय, एकाच काळात, स्वतंत्रपणे घेतला होता.

१३/ ऑगस्ट १९४० मध्ये चिनी सैन्याने 'शंभर रेजिमेंटांची मोहीम' सुरू केली. तेव्हा कोटणीसांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या आणि त्या लढाईत ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले, असे सांगितले जाते. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. तोवर ते चिनी भाषेतून शिकवू लागले होते आणि पुढे शल्यचिकित्सेचे पाठ्यपुस्तकही लिहावयास घेतले.

१४/ खेड्यातील लोक त्यांना काय म्हणत? चिनी आठवणींत 'लाओ के' असे संबोधन येते. 'लाओ' म्हणजे वडीलधारा, जुना ओळखीचा. दुसरे संबोधन अधिक विलक्षण आहे: 'हेई मामा', शब्दशः 'काळी आई'. वर्ण सावळा आणि रुग्णांची काळजी आईसारखी, म्हणून. मराठवाड्यात आपण काळ्या जमिनीला काळी आई म्हणतो. त्या गावकऱ्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नाही. पण हा शब्द वाचला तेव्हा मी ग्रंथालयात काही क्षण थबकलो, हे खरे.

१५/ आता विवाह. १९४१ च्या अखेरीस, हपेई प्रांताच्या थांग तालुक्यातील गेगोंग या गावी. वर ३१ वर्षांचे, वधू २५ वर्षांची. आजीच्या प्रश्नाचे उत्तर इथे द्यावे लागते. वराकडचे कोणी येणे शक्यच नव्हते. सोलापूर हजारो मैल दूर, मधे महायुद्ध. वधूचे माहेर फेनयांग, तेही तायहांगच्या पलीकडे, जपानी सैन्याने व्यापलेल्या मुलखात. मांडवात 'पाहुणे' म्हणावेत असे होते ते रुग्णालयातील सहकारी, सैनिक आणि ते गाव.

१६/ या गोष्टीचे महत्त्व समजण्यासाठी तिथली रूढी पाहू. जुन्या ग्रामीण चीनमध्ये विवाह दोन घराण्यांत होई. मध्यस्थ सोयरीक जुळवी, वधूमूल्य ठरे आणि मुलगी सासरच्या गावी जाई. उलट, जो पुरुष बायकोच्या घरी राहावयास येई त्याचा दर्जा कमी मानला जाई. मुलांना अनेकदा आईकडचे आडनाव लागे. आपल्याकडील 'घरजावई' या शब्दाला जो किंचित उपहास चिकटला आहे, तोच तिथेही होता. मराठवाड्यातील वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

१७/ मात्र या रूढीला त्याच काळात तडे जात होते. साम्यवाद्यांच्या ताब्यातील शेन्शी-कान्सू-निंगश्या प्रदेशात १९३९ मध्ये विवाहाचे नियम झाले. वधूवरांची स्वेच्छा आवश्यक ठरली आणि खरेदी-विक्रीसारख्या विवाहांना बंदी आली. १९५० च्या चिनी विवाह कायद्याची बीजे इथली आहेत. खेड्यांत अंमल असमानच होता, जुनी वहिवाट सहजी सुटत नव्हती. पण एका परदेशी पुरुषाने आणि चिनी स्त्रीने घराण्यांच्या संमतीवाचून विवाह करणे शक्य झाले, ते याच बदलत्या हवेत.

१८/ तुलनेसाठी आपल्याकडे पाहा. १८७२ च्या विशेष विवाह कायद्यात सुरुवातीला दोघांनाही आपण प्रमुख धर्मांपैकी कोणताही पाळत नाही, असे जाहीर करावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने ही अट हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांपुरती सैल झाली. सर्वांना खुला असणारा कायदा यावयास १९५४ उजाडले. म्हणजे कोटणीसांनी हाच विवाह सोलापुरात करावयाचे ठरवले असते, तर गेगोंगपेक्षा तो सोपा झाला असता, असे खात्रीने म्हणता येत नाही.

१९/ २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. आपल्याकडे बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा. कोटणीसांना बहिणी होत्या, पण त्या भारतात. आत्याच्या जागी नाव ठेवले सेनापती न्ये रोंगचेन यांनी: 'यिनहुआ'. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. आडनाव लागले 'के'. बाप बायकोच्या मुलखात राहिला, तरी मुलाला आडनाव बापाचेच मिळाले. सोलापूरच्या कोटणीसांचा वंश चिनी लिपीत एका पिढीने पुढे सरकला.

२०/ कोटणीसांना अपस्माराचे झटके येत होते. उपचारासाठी आघाडीवरून मागे जाण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. यिनहुआ तेव्हा १०८ दिवसांचा होता. संसार जेमतेम वर्षभराचा. शल्यचिकित्सेचे पुस्तक अपुरे राहिले. पार्थिव त्याच परिसरात दफन झाले; पुढे शिचियाच्वांग येथील हुतात्मा उद्यानात समाधी हलवण्यात आली, ती आजही तिथे आहे.

२१/ इथे बहुतेक कथा संपतात. पण नात्याच्या दृष्टीने खरी कथा इथून सुरू होते. १९४६ मध्ये व्ही. शांतारामांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारित होती. कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांनी केली, छिंगलान यांची जयश्री यांनी. चित्रपटाच्या शेवटी विधवा नायिका तान्ह्या मुलाला घेऊन सोलापूरच्या घरी येते.

२२/ वास्तवात तसे घडले नाही. छिंगलान आणि यिनहुआ चीनमध्येच राहिले. मग हा शेवट का? मला वाटते, प्रेक्षकांच्या मनातील विवाहाचे चित्र त्यावाचून पुरे होत नव्हते. सुनेने माप ओलांडून घरी यावे, नातवाने आजोळी नव्हे तर बापाच्या घरी वाढावे, ही आपली अपेक्षा. मुलगा तिकडचा झाला, हे स्वीकारणे जड होते. म्हणून चित्रपटाने सोयरिकीची दिशाच फिरवली. हा दोष दाखवत नाही. लोकप्रिय कलाकृती समाजाची इच्छा कशी नोंदवते, याचे हे उदाहरण आहे.

२३/ यिनहुआचे आयुष्य अल्प ठरले. वडिलांप्रमाणे डॉक्टर होण्यासाठी तो शिकत होता. १९६७ मध्ये, पंचविशी गाठण्याआधीच तो वारला. नव्या 'के' घराण्याचा धागा तिथे तुटला. आता छिंगलान यांना भारताशी बांधणारे रक्ताचे नाते उरले नव्हते. आणि मधल्या काळात, १९६२ मध्ये, दोन्ही देशांत युद्धही होऊन गेले होते. नाते सोडून देण्यास याहून सबळ कारण कोणते असू शकते?

२४/ त्या युद्धात काय झाले तेही सांगितले पाहिजे. भारतात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. काहींना तिथे काही वर्षे काढावी लागली. यांत भारतात जन्मलेली मुले होती. कोटणीसांच्या स्मृतीचा गौरव करणाऱ्या देशात हे घडले. राज्यसंस्था नाते गाते आणि तीच नाते एका आदेशाने मोडते.

२५/ एक उलटे चित्रही याच युद्धाने निर्माण केले. १९६३ च्या आरंभी सीमा ओलांडून आलेला एक चिनी सैनिक भारतात पकडला गेला. काही वर्षांच्या कैदेनंतर त्याला महाराष्ट्राला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील एका गावी ठेवण्यात आले. तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केले, मुलेबाळे झाली. मायदेशी जाण्याची परवानगी त्याला २०१७ मध्ये मिळाली, तोवर त्याची आई हयात नव्हती. कोटणीसांच्या जन्मगावी आज स्मारक आहे. या जावयाला मात्र कागदपत्रांसाठी दारोदार फिरावे लागले.

२६/ छिंगलान यांनी नाते सोडले नाही. त्या अनेकदा भारतात आल्या, कोटणीस कुटुंबीयांना भेटल्या. कोटणीसांसोबतच्या आयुष्याच्या आठवणी त्यांनी लिहून ठेवल्या. २८ जून २०१२ रोजी तालिएन येथे, वयाच्या ९६ व्या वर्षी त्या वारल्या. इकडे मुंबईत कोटणीसांच्या बहिणींनी भावाची स्मृती आणि वहिनीशी संबंध जपला. हू जिंताओ २००६ मध्ये आणि ली कछ्यांग २०१३ मध्ये मुंबईत आले असता कोटणीस कुटुंबीयांना भेटले.

२७/ हिशेब मांडून पाहा. कोटणीस चीनमध्ये सुमारे ४ वर्षे होते. त्यांचा संसार सुमारे १ वर्षाचा. छिंगलान यांनी त्यानंतर ६९ वर्षे हे नाते वाहिले. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये टपाल तिकीट काढले, ते कोटणीसांचे. हे योग्यच आहे. पण दोन देशांमधले 'नाते' म्हणून ज्याचा उल्लेख भाषणांत होतो, ते प्रत्यक्षात टिकवले एका विधवेने आणि तिच्या नणंदांनी. वहिनी-नणंदांचा हा इतिहास आपण अजून नीट लिहिलेला नाही.

२८/ दिवाळीनंतर मी लातूरहून एस.टी.ने सोलापूरला गेलो. कोटणीसांचे जन्मघर आता स्मारक आहे. तिथल्या छायाचित्रांत ते लष्करी पोशाखात, शेजारी छिंगलान. परतल्यावर आजीला सांगितले की लग्नाला दोन्हीकडचे कोणी नव्हते, आणि मुलाचे नावही सेनापतीने ठेवले. ती म्हणाली, "मंग त्या गावानंच दोन्हीकडचं केलं म्हन की." पुढे तिने विचारले, "आन् सून? ती कवा आली घरी?" मी सांगितले, आली, पुष्कळ वर्षांनी, पाहुणी म्हणून, पण नंतरही येत राहिली. आजीने मान डोलावली आणि शेंगा सोलू लागली.

२९/ मित्रहो, एक विनंती. आपल्या घराण्यात, गावात दूरदेशीची सून किंवा जावई असेल, तर त्यांच्याशी बोला, तारखा आणि नावे टिपून ठेवा. परवानगी घेतल्यावाचून काहीही प्रसिद्ध करू नका. अशा सोयरिकींची दप्तरे कुठल्याच कचेरीत नसतात. पुढील थ्रेड याच पथकातील नागपूरच्या डॉ. चोळकरांवर.